सहा ड्रम आणि ओली पोती

त्या दुपारचा पांढरा उजेड अजून डोळ्यांपुढून हटत नाही. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. तरीही रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची ठिणगी उडाली की मी मान वळवतो आणि पावले आपोआप लांब पडतात.

बीड जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. ठाण्याचे, गावांची आणि माणसांची नावे येथे देत नाही. हद्द विचित्र होती. एका बाजूला माजलगाव धरणाच्या पाण्यावर उभा असलेला ऊस आणि दुसऱ्या बाजूला बालाघाटचा कोरडा डोंगर. ऊस लावणारी गावे आणि ऊस तोडायला परजिल्ह्यात जाणारी गावे एकाच हद्दीत. दिवाळीच्या आसपास डोंगराकडची गावे अर्धी रिकामी होत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा भरत. गस्तीचे आणि बंदोबस्ताचे नियोजन आम्ही त्या हिशोबाने करत असू.

घटना एप्रिलमधली. दुपारी दोनच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला. मुख्य रस्त्यालगतच्या एका भंगाराच्या शेडमध्ये आग लागल्याची खबर होती. अग्निशामक गाडीला निरोप देऊन मी दोन कर्मचाऱ्यांसह निघालो. दहा मिनिटांत पोचलो. गाडी यायला आणखी अर्धा तास तरी लागणार होता.

शेडचा मालक जुने धातू वितळवून त्याच्या विटा पाडून विकत असे. त्या वर्षी त्याने शहराकडच्या कारखान्यांतून यंत्रावर सुटे भाग कातताना निघणारा भुसा आणायला सुरुवात केली होती. बारीक, चकचकीत, कुरळा भुसा. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. हा भुसा हलका आणि पांढरा, म्हणून तो जर्मनचाच, असे मालकाने धरले होते. त्याच्या भट्टीजवळ एक ड्रम पेटला होता.

आग मोठी नव्हती. पण ती आगीसारखी दिसत नव्हती. तांबूस ज्वाळा नाही, काळा धूर नाही. पांढराशुभ्र उजेड, बघवत नव्हता असा. बाजूला आठ ड्रम ओळीने उभे होते. मजूर बाहेर पळाले होते. एकाचे हात भाजले होते.

एप्रिलमध्ये आमच्या रस्त्यावर दर पाव तासाला पाण्याचा टँकर दिसतो. एक येताना दिसला. मी रस्त्यात उभा राहून तो थांबवला. चालक पस्तिशीतला होता. तो म्हणाला, "साहेब, वस्तीवर बाया हंडे मांडून बसल्यात. उशीर झाला की शिव्या घालत्यात."

मी म्हणालो, "आधी इथं सोड. आग विझव, मग जा."

 त्याने टँकर मागे घेतला, वर चढला, पाइप उचलला आणि पाणी सोडले.

पुढचे काही क्षण मी नीट सांगू शकत नाही. मोठा आवाज झाला. उजेड एकदम सगळीकडे झाला आणि जळते पांढरे तुकडे पत्र्यातून बाहेर उडाले. मी उठलो तेव्हा टँकरचालक जमिनीवर होता आणि त्याने दोन्ही हात चेहऱ्यावर दाबून धरले होते. उरलेले आठही ड्रम एकामागून एक पेटले. नंतर आलेली अग्निशामक गाडी मी लांबच उभी करायला लावली. का, ते मला माहीत नव्हते. फक्त भीती वाटली होती.

पाणी सोड म्हणणारा मी होतो. हे वाक्य पुढे माझ्या स्वतःच्या जबाबात आहे. त्याच दिवशी मी वरिष्ठांना लिहून दिले की, या घटनेत माझाही संबंध असल्याने तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा. तो आदेश यायला काही दिवस गेले. पुढची हकिकत त्या मधल्या दिवसांतली आहे.

भाजलेल्या मजुराला आणि टँकरचालकाला अंबाजोगाईच्या रुग्णालयात हलवले. शेडमालक तिसऱ्या दिवशी सकाळीच स्वतः ठाण्यात हजर झाला. ज्वलनशील वस्तूबाबत निष्काळजीपणा आणि गंभीर दुखापत, अशी जुन्या दंड संहितेतली कलमे लावून गुन्हा नोंदवला. पंचनाम्यात नऊ ड्रम आले. राखेचा आणि सांडलेल्या भुशाचा नमुना पंचांसमक्ष सील करून प्रयोगशाळेकडे रवाना केला. अहवाल यायला काही महिने लागणार होते. तेवढे थांबायची माझी तयारी नव्हती. पाणी टाकल्यावर आग वाढली कशी, हे मला कळायलाच हवे होते.

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक बाई आमच्या हवालदाराच्या ओळखीच्या होत्या. त्या घटनास्थळी आल्या. कोपऱ्यातला न जळालेला भुसा त्यांनी चिमटीत धरून पाहिला, बाहेर मोकळ्या जागेत एक कुरळी तार चिमट्यात धरून पेटवली आणि लगेच मान फिरवली. तोच उजेड.

"हे जर्मन नाही," त्या म्हणाल्या. "मॅग्नेशियम आहे. हे पेटलं की पाणी विझवत नाही. उलट पाणी फुटतं, त्यातून हायड्रोजन मोकळा होतो आणि तो पेटतो. तुम्ही आगीवर जळण टाकलंत."

मी विचारले, "आणि न पेटलेला भुसा?"

"कोरडा, झाकलेला, ठिणगीपासून लांब असेल तर पडून राहील. ओला झाला तर घात. आतल्या आत तापतो. तोच वायू सुटत राहतो. बंद खोलीत वर आढ्याला साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. एक काडी ओढली की संपलं."

"पेटलाच तर काय करायचं?"

"त्याची वेगळी पावडर असते. ती तुमच्याकडे नसणार. मग ठणठणीत कोरडी वाळू. हळू सोडायची, फेकायची नाही. नदीतून आणलेली ओली वाळू म्हणजे पुन्हा पाणीच. आणि तीही नसेल तर लांब उभं राहा आणि जळू द्या."

मी हे सगळे डायरीत लिहून घेतले. त्याचा उपयोग इतक्या लवकर होईल असे वाटले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडसमोर चहाचे हॉटेल चालवणारी बाई ठाण्यात आली. वय साठीच्या पुढे. तिचा जबाब आधीच झाला होता. ती बाकावर बसली, पाणी मागितले, प्यायली आणि म्हणाली, "साहेब, तुमी ड्रम किती लिवलेत?"

"नऊ."

"मग बाकीचे?"

"बाकीचे कुठले?"

"अवो, आगीच्या आदी दोन दिस पिकअप आलती. सहा ड्रम भरून नेले. जागा पुरंना म्हनून. मी सवता बघितलं, त्यांच्या सहा लोकान्ला च्या दिलता."

"परवा का नाही सांगितलं, मावशी?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी इचारलं आग कवा लागली. त्ये मी सांगितलं."

खबर देणारी माणसे बहुधा अशीच असतात. ती लपवत नाहीत. आपण चुकीचा प्रश्न विचारलेला असतो.

शेडमालक कोठडीत होता. त्याला बाहेर काढून माझ्यासमोर बसवले. हवालदार बाजूला होता. मी सहा ड्रमांबद्दल विचारले. त्याने शांतपणे सांगितले, "साहेब, माल तेवढाच हुता. नऊ ड्रम. जळून गेले."

मी वेगवेगळ्या प्रकारे विचारले. उत्तर प्रत्येक वेळी त्याच शब्दांत आले. खोटे बोलणारा माणूस आपले वाक्य पाठ करून येतो आणि त्यातला एक शब्दही बदलायला घाबरतो. पिकअपचे सांगितले तेव्हा म्हणाला, "म्हातारीला दिसत न्हाई धड."

हवालदार चिडला. "बे, तुज्या निष्काळजीपणानं तो टँकरवाला आंधळा व्हायच्या वाटंवर हाय आन् तू म्हातारीचे डोळे काढायलास?"

मालकाचा चेहरा तेवढ्यात पहिल्यांदा बदलला. तो रागावला होता.

"निष्काळजी म्हनू नका," तो म्हणाला. "जर्मनला ऊन लागलं की तापतंय, ह्ये मला कळत न्हाई व्हय? मी लई जपून ठिवलंय. ड्रमावर ओली पोती टाकून ठिवलीत. शेड पेटल्यापासून तर दोन टाइम पाणी मारायला लावलंय. आज सकाळी हजर व्हायच्या आदीबी फोन करून सांगितलं, पोती वाळू देऊ नका म्हनून."

 शेड जळून दोन दिवस झाले होते. शेडमध्ये पाणी मारायला आता काही शिल्लक नव्हते.

आमच्या भागात उन्हाळ्यात कशालाही गारवा द्यायचा तर ओले पोते टाकतात. माठावर, रांजणावर, विड्याच्या पानांच्या टोपलीवर, मोटारीच्या इंजिनावरही. त्यात चूक काही नाही. त्या माणसाने सहा ड्रमांवर तेच केले होते आणि ड्रमांना झाकणे नव्हती.

मी त्याच्यावर ओरडलो नाही. डायरी उघडली आणि प्राध्यापक बाई जे बोलल्या होत्या ते त्याला वाचून दाखवले. आतल्या आत तापतो. आढ्याला वायू साचतो. एक काडी. 

"कुठं आहेत?" मी विचारले.

"सासरवाडीला," तो म्हणाला. डोंगराकडचे गाव, ठाण्यापासून बावीस किलोमीटर. त्याच्या मेहुण्याच्या शेजारचे घर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे होते. नवरा, बायको, दोन लहान लेकरे. सहा महिने बंद. जाताना किल्ली मेहुण्याकडे सोपवलेली. ड्रम तिथे ठेवले होते.

"घरात सध्या कोणी नाही ना?"

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "आज येनार हायत ती. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप बंद झालं. सकाळी मेव्हना म्हनला, ड्रम हालवू का? मी म्हनलं राहू दे आजच्या दिस. आदीच आमच्यामागं पोलीस लागलेत."

हवालदार स्वतः डोंगराकडचा. तो खुर्चीवरून उठला.

"साहेब, आमच्याकडं तोडीवरून माणसं यायची असली की किल्ली ज्याच्याकडं हाय त्या घरची बाई घर झाडती, सडा टाकती आन् चूल पेटवून ठिवती. सहा महिन्यानं आलेल्या बाईला गार चुलीपुढं बसवत न्हाईत."

अकराला दहा मिनिटे कमी होती. मेहुण्याचा फोन लागत नव्हता. त्या गावात टेकाडाजवळ गेल्याशिवाय रेंज धड मिळत नसे. मी पोलीस पाटलांना लावला. त्या पाटील बाई होत्या, चाळिशीच्या. सुदैवाने टेकाडाखालच्या रानात कांदे काढत होत्या. मी चार वाक्यांत सांगितले. त्या म्हणाल्या, "फोन चालू ठिवा," आणि पळू लागल्या. तीनचार मिनिटे मला फक्त धाप आणि चपलांचा आवाज ऐकू येत होता. मध्येच आवाज तुटे आणि पुन्हा लागे. नोकरीत मी बऱ्याच वाईट गोष्टींची वाट पाहिली आहे. इतकी लांबलेली चार मिनिटे दुसरी आठवत नाहीत.

"दार उघडं हाय," त्या म्हणाल्या. "किल्लीवाली बाई आत हाय. चुलीपुढं बसलीय."

"तुम्ही आत जाऊ नका. अंगणाबाहेरून हाक मारा. काडी ओढू नको म्हणा."

मला त्यांचा आवाज ऐकू आला. "अगं ए! काडी ओढू नगंस! हाय तशी भायेर ये!"

आतून कोणीतरी म्हणाले, "कावून? सरपण रचून झालंय की."

"सायबाचा हुकूम हाय!"

"सायबाला माज्या चुलीचं काय पडलंय?"

"ऊठ म्हनते ना! पेटी खाली ठिव आन् ऊठ!"

मग काही नाही. मी फोन कानाला घट्ट दाबून उभा होतो. टेबलापलीकडे शेडमालक दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता.

"आली," पाटील बाई म्हणाल्या. "पेटी हातातच हाय तिच्या. म्हनती, आत लई उबारा हाय. एका ड्रमावरलं पोतं वाफाळायलंय."

मी त्यांना गल्ली रिकामी करायला, दार उघडेच ठेवायला आणि जवळपासची प्रत्येक चूल, बिडी, इस्त्री बंद करायला सांगितले. दुसरा फोन प्राध्यापक बाईंना केला. त्यांनी सगळे ऐकून पहिला प्रश्न विचारला, "कोरडी वाळू आहे का?"

वाळू होती. आमच्या आवारात दोन हायवा ट्रक उभ्या होत्या. नदीपात्रातून चोरटी वाळू नेताना पकडलेल्या. एकीला वर्ष होऊन गेले होते. टायर जमिनीला टेकले होते, वाळूवर बाभळीची पाने पडली होती. मागच्या पावसाळ्यानंतर तिला पाणी लागले नव्हते. मुद्देमाल सांभाळणारा अंमलदार समोर येऊन उभा राहिला.

"साहेब, कोर्टाचा मुद्देमाल हाय. ब्रासमध्ये नोंद हाय. कमी भरली तर उत्तर मी द्यायचं."

मी स्टेशन डायरी मागवली. जीवितास तातडीचा धोका असल्याने मुद्देमालातील वाळू माझ्या जबाबदारीवर वापरत आहे, अशी नोंद करून सही केली. तोपर्यंत हवालदार चढून वरचा थर बाजूला करत होता. "भिऊ नका," तो वरून म्हणाला, "वाळू जळत न्हाई. हाय तेवढी झाडून आनून देतो." आम्ही प्रत्येक पाटीतली वाळू हातात घेऊन पाहिली. मुठीत धरली तर गोळा होऊ नये, बोटांतून सुटावी. तशीच वाळू कोरड्या पोत्यांत भरली. तीस पोती झाली.

निघताना शेडमालक म्हणाला, "साहेब, मला न्या. मीच उचलतो."

त्याला घेतले.

गावात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. पाटील बाईंनी गल्ली रिकामी केली होती. माणसे लांब देवळाच्या पारावर जमली होती. मारुतीच्या मागे विहिरीजवळ गावाचा टँकर भरून उभा होता. मी तो बघितला आणि घराकडे वळलो.

घर पत्र्याचे, दोन खोल्यांचे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजारच्या घरांशी सामाईक. एका बाजूला मेहुण्याचे घर, दुसऱ्या बाजूला एक म्हातारे जोडपे. ड्रम चुलीच्या खोलीत भिंतीला लावून होते. आत सारवलेल्या जमिनीचा वास येत होता. चुलीत सरपण रचलेले होते. त्याच्यावर शेणीचा तुकडा, शेजारी रॉकेलचा बोळा. फक्त काडी लावायची बाकी होती.

प्राध्यापक बाईंच्या सांगण्याप्रमाणे मोबाइल, बॅटऱ्या, लोखंडी पहारी बाहेर ठेवल्या. मागची खिडकी लाकडाने ढकलून उघडली आणि साचलेला वायू निघून जायची वाट पाहिली. मग पोती काढली. त्यांतून पाणी गळत होते. दोन बांबू आणि सुती दोर घेऊन चौघांनी एकेक ड्रम उचलायचा आणि गावाबाहेरच्या नांगरलेल्या रानात नेऊन एकमेकांपासून लांब ठेवायचा, असे ठरले. शेडमालक, त्याचा मेहुणा, हवालदार आणि मी. पाच ड्रम कोमट होते. ते नेले.  पावले मोजल्यासारखी पडत होती.

सहावा ड्रम वेगळा होता. हात जवळ नेला तरी धग लागत होती आणि आतून बारीक सूं असा आवाज येत होता. प्राध्यापक बाईंनी स्पष्ट सांगितले होते, हात धरवत नसेल तर हात लावू नका, माणसे लांब न्या. मी तो विचार केला. ड्रम तिथे पेटला असता तर तीन घरे गेली असती. माणसे गेली नसती, कारण ती पारावर होती. शेडमालक बांबू घेऊन उभाच होता. "चला साहेब," एवढेच म्हणाला.

आम्ही उचलला. तो निर्णय बरोबर होता असे मी आजही म्हणत नाही. तरुण अधिकाऱ्यांना शिकवायची वेळ आली तेव्हा मी तो चूक म्हणूनच सांगितला.

रानात ठेवून आम्ही पंधरा-वीस पावले आलो असू. मागे फस्स असा आवाज झाला आणि आमच्या सावल्या समोरच्या ढेकळांवर पडल्या. भर उन्हात. मी वळून पाहिले नाही. "पळा," म्हणालो.

पुढचे मात्र आगीपेक्षा भयानक होते. पारावरची सगळी माणसे पळत आली, पण आमच्याकडे नव्हे, आगीकडे. बायकांच्या कमरेवर हंडे, पोरांच्या हातात बादल्या. कोणीतरी टँकर चालू केला होता. ज्या गावात पाण्याचा हंडा मोजून मिळतो, त्या गावाने सगळे पाणी उचलून आणले होते.

मी टँकरपुढे हात पसरून उभा राहिलो. हवालदार आणि पाटील बाई हंडेवाल्यांपुढे.

"बाजूला व्हा साहेब!" टँकरवरचा माणूस ओरडला.

"पाणी टाकायचं नाही!"

एक म्हातारा माझ्या अंगावर आला. "येड लागलं का तुमाला? आग हाय ती, आग! पोलीस हायत म्हनून गाव जळायला सोडायचं व्हय?"

"गाव वाचवायलाच सांगतोय, बाबा."

"आमाला शिकवू नका! आगीला पाणी न्हाई टाकायचं तर मग काय तूप टाकायचं?"

 दोन दिवसांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो. म्हणालोच होतो.

नेमक्या त्याच वेळी गावाच्या वळणावर ऊसतोडीचा ट्रक आला. वर माणसे, बाजा, भांडी, कोंबड्यांची डालगी. आपल्या घरामागे पांढरा लोळ पाहून एक बाई चालत्या ट्रकमधून उतरली आणि हातात पाण्याचा डबा घेऊन धावत आली. काखेत लेकरू होते.

"माजं घर हाय ते! सोडा मला!"

पाटील बाईंनी तिला कवळा घालून धरले. "घर न्हाई गं जळत. रान जळतंय. तुजं घर हाय तसं हाय."

"मग पाणी का टाकू देत न्हाईत?"

तेव्हा शेडमालक पुढे आला. हातावर फोड आले होते. तो सगळ्यांपुढे ढेकळांत बसला आणि म्हणाला, "माज्यामुळं टाकू देत न्हाईत. माज्या शेडात पाणी टाकलं आन् एका टँकरवाल्याचं तोंड जळालं. मी बगितलंय. पाया पडतो, पाणी टाकू नका."

गाव थांबले. माझ्या गणवेशाने न थांबलेले गाव त्याच्या त्या वाक्यावर थांबले. टँकरचे इंजिन बंद झाले.

आम्ही कोरडी वाळू पोत्यांतून काढून वाऱ्याच्या बाजूने, लांब दांड्याच्या फावड्यांनी कडेकडेने सारत नेली. ड्रम अर्धा तास जळला. कोणी एक थेंबही टाकला नाही. शेवटी राखाडी खपली धरली आणि उजेड मावळला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रानात पहारा ठेवला. बाकीचे पाच ड्रम नंतर तज्ज्ञांच्या पथकाने नेले.

त्या कुटुंबाने दोन दिवस स्वयंपाक अंगणात केला. घराला वारा लागेपर्यंत आत चूल पेटवायची नाही, असे पाटील बाईंनी बजावले होते. रचलेले सरपण त्या बाईने तसेच काढून अंगणात आणले आणि पहिली भाकरी त्यावर केली. एक भाकरी मलाही दिली. मी ती तिथेच अंगणात बसून खाल्ली.

पुढे गुन्हा न्यायालयात गेला. मी साक्षीदार म्हणून उभा राहिलो आणि पाणी टाकायला मीच सांगितले हे सांगितले. वाळूबाबत लेखी खुलासा द्यावा लागला. तो स्वीकारला गेला. त्यानंतर जिल्ह्यात जिथे जिथे मी होतो तिथे भंगाराच्या शेडवाल्यांना बोलावून दोनच गोष्टी बजावत राहिलो: भुसा कशाचा आहे हे माहीत झाल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि शेडमध्ये झाकलेल्या कोरड्या वाळूचा हौद असलाच पाहिजे. काहींनी ऐकले. काहींच्या हौदात मी पुढच्या वेळी पाणी भरलेले पाहिले.

चौकशीच्या बाबतीत त्या प्रकरणाने मला एक गोष्ट दिली. माणूस आपला गुन्हा लपवतो, पण आपण घेतलेली काळजी तो न विचारता सांगतो. तेव्हापासून मी संशयितांना काय बिघडवलेस, असे कमी विचारले. काय जपलेस, असे जास्त विचारले. पण याच गोष्टीची मला भीतीही बसली. त्या सगळ्या प्रकरणात वाईट हेतूने कोणी काहीच केले नव्हते. पोती ओली ठेवणारा, चूल रचणारी, हंडे घेऊन धावणारे गाव, टँकर थांबवणारा मी. प्रत्येक जण भल्याचेच करत होता.

काही आठवड्यांनी मी अंबाजोगाईला टँकरचालकाला भेटायला गेलो. एक डोळा गेला होता. दुसऱ्याने उजेड-अंधार एवढेच कळत होते. माझा आवाज त्याने ओळखला. त्याची बायको बाहेर गेली. मी स्टुलावर बसलो.

तो म्हणाला, "दुसऱ्या गावात पाणी टाकू दिलं न्हाई म्हनं तुमी."

"नाही."

"गाव अंगावर आलतं म्हनं."

"आलं होतं."

"मग माज्या टायमाला कावून टाकायला लावलं?"

"माहीत नव्हतं," मी म्हणालो.

 मग हात पुढे करून त्याने माझा हात चाचपडत शोधला आणि धरला.

"मलाबी न्हवतं," तो म्हणाला.